बांध नसलेलं गाव

"बांध कुठाय?"

गाडीतून उतरल्या उतरल्या अण्णांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. समोर नजर पोहोचेल तिथवर उतरत गेलेलं रान. एका पट्ट्यात गव्हाची कापणी होऊन नुसता सड राहिलेला, लगतच्या पट्ट्यात पीक अजून उभं, त्यापलीकडे पुन्हा सड. कसणारे वेगवेगळे आहेत हे न सांगता कळत होतं. पण दोन पट्ट्यांच्या मधे काहीच नव्हतं. ना बांध, ना कुंपण, ना एखादं बोरीचं झुडूप.

"नाहीच आहे," मी म्हटलं. "इथं बांध नसतो. तेच दाखवायला आणलं तुम्हाला."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. भिंती नसलेल्या घराला कुलूप लावून दाखवावं तसं काहीतरी मी करतेय, असा त्यांचा चेहरा झाला.

अण्णा म्हणजे माझे वडील. छत्तीस वर्षं भूकरमापक होते. गावाकडच्या बोलीत मोजणीदार. त्यांच्या तरुणपणी शंकू-साखळीनं मोजणी व्हायची, पुढे फलकयंत्र आलं, आणि निवृत्त व्हायच्या सुमाराला बाकीची यंत्रं. कुणाची हद्द कायम करायची असली की अण्णा टिपण, फाळणी, गावनकाशा असं गाठोडं घेऊन निघत. संध्याकाळी परत येताना त्यांच्या पायजम्याला कुसळं चिकटलेली असत आणि तोंडावर एक ठरावीक थकवा असे. तो उन्हाचा नव्हता. दोन भावांच्या मधे उभं राहून दगड दाखवण्याचा होता.

आमच्या स्वतःच्या घरात 'बांध' हा शब्द जपून वापरला जातो. आजोबा आणि त्यांचे चुलतभाऊ यांच्यात साडेतीन गुंठ्यांवरून दावा चालू होता. एकोणीस वर्षं चालला. दरवर्षी नांगरटीला कुणीतरी बांध थोडा कोरायचा, वीतभर इकडे नाहीतर वीतभर तिकडे. बांधावर एक रायवळ आंबा होता. तो आपला की त्यांचा हे ठरलेलं नव्हतं, म्हणून एकोणीस वर्षं त्याला कुणी हात लावला नाही. आंबे पिकायचे, पडायचे, सडायचे. लहानपणी त्या झाडाखालून जाताना येणारा आंबूस वास मला अजून येतो. अण्णा सगळ्या जिल्ह्याच्या हद्दी सांगत हिंडायचे, पण घरच्या मोजणीच्या दिवशी त्यांनी रानाकडे फिरकायचं नाही अशी रीत होती. ते ओसरीवर बसून राहायचे.

तर अशा माणसाला मी लॅक्स्टनला घेऊन गेले होते.

लॅक्स्टन हे नॉटिंगहॅमशर परगण्यातलं जेमतेम अडीच-तीनशे वस्तीचं गाव. आम्ही नॉटिंगहॅमला राहतो. तिथून उत्तरेला गाडीनं तासाभराच्या आत पोहोचतो. रॉबिन हूडमुळे ठाऊक झालेलं शेरवुडचं जंगल जवळच आहे, त्यामुळे पर्यटक तिकडे वळतात आणि लॅक्स्टन तसंच बाजूला राहतं. गावाबाहेर एका उंचवट्यावर बाराव्या शतकातल्या गढीचा मातीचा ढिगारा आहे. गावात सेंट मायकेलचं चर्च आहे. ते चांगलं आहे, पण चर्चेस इंग्लंडात गल्लोगल्ली आहेत. लॅक्स्टनमध्ये आहे ती गोष्ट मात्र आता बाकी कुठं फारशी उरलेली नाही: मध्ययुगात जशी व्हायची तशी, गावानं मिळून ठरवलेली, खुल्या रानातली शेती.

गावाची तीन मोठी रानं आहेत. वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड. पश्चिमरान, दक्षिणरान आणि गिरणीचं रान म्हणा हवं तर. एका रानात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायची पिकं, म्हणजे जव किंवा घेवड्याच्या जातीचं काही, आणि तिसरं पड. पुढच्या वर्षी पाळी बदलते. प्रत्येक शेतकऱ्याचे पट्टे तिन्ही रानांत विखुरलेले असतात, म्हणजे कुणाच्या वाट्याला नुसती पड आली आणि तो उपाशी राहिला असं होत नाही. आणि एकाच रानातसुद्धा पट्टे इकडे एक, तिकडे एक. चांगली माती सगळ्यांना, पाणथळ मातीही सगळ्यांना.

हे सांगताच अण्णा म्हणाले, "मग आपल्यात काय करतात?"

खरंच होतं ते. आमच्याकडे वाटणी होते तेव्हा तीन भाऊ तीन शेतं एकेक घेत नाहीत. विहिरीजवळच्या मळ्यातही तिघांचा हिस्सा, माळावरच्या खडकाळ तुकड्यातही तिघांचा हिस्सा. सरकारी माणसं याला अडाणीपणा म्हणत आली. हिशोब मात्र साधा आहे. कुणाच्याही ताटात नुसतं मीठ पडू नये.

उन्हाळ्यात रानाच्या कडेनं पायवाट जाते, तिथून आम्ही चालत निघालो. माती लालसर, चिकण. परवाच पाऊस होऊन गेलेला, त्यामुळे बुटांना लगदा धरत होता. अण्णांनी वाकून चिमूटभर माती घेतली, बोटांत चोळली आणि टाकून दिली. त्यांचं मत त्यांनी सांगितलं नाही. मधूनमधून पट्ट्यांच्या अधेमधे गवताच्या लांबट खाचा लागत होत्या. त्यांना इथं 'साइक' म्हणतात. नांगर चालणार नाही इतकी ओलसर किंवा उतरती जागा, म्हणून पूर्वापार गवताला सोडलेली. कधीच नांगरली न गेल्यामुळे तिथं रानफुलांची जी दाटी होते ती आसपास कुठं दिसत नाही. या गवताचा हक्कदारांमध्ये लिलाव होतो आणि पैसे हक्कदारांतच वाटले जातात. मला गोव्याच्या गावकारीची आठवण झाली. तिथंही कोमुनिदादीच्या, म्हणजे गावसंस्थेच्या, भातशेतांचा लिलाव व्हायचा आणि गावकारांना जोण, म्हणजे उत्पन्नातला वाटा, मिळायचं. पण अण्णांना गोव्याबद्दल एक जुना राग आहे, म्हणून मी ते बोलले नाही.

दुपारी आम्ही एका झाडाखाली बसून डबा उघडला. दशम्या, शेंगदाण्याची चटणी. धाकट्यानं पाटीवरचा शब्द वाचून विचारलं, "आजोबा, फर्लांग म्हणजे काय?"

इथं खऱ्या अर्थानं अण्णांची लॅक्स्टनशी ओळख झाली असं मी म्हणेन.

फर्लांग हा शब्द आपल्याकडे आता म्हाताऱ्या माणसांच्याच तोंडी राहिलाय. 'गाव इथून दोन फर्लांग'. मूळ इंग्रजीत त्याचा अर्थ नांगराच्या सरीची लांबी. बैलांची जोडी, खरं तर आठ-आठ बैलांचं जोत, जड चिकणमातीत न थांबता जेवढं ओढत जाईल तेवढं अंतर. ते ठरत ठरत २२० यार्डांवर, म्हणजे ६६० फुटांवर येऊन बसलं. मग बैलांना दम देऊन वळवायचं. एवढं लांबलचक जोत वळवणं सोपं नसतं, टोक यायच्या आधीपासूनच बैल वाकडे घ्यावे लागतात, म्हणून जुने पट्टे सरळसोट नसून किंचित नागमोडी असत. लांबी एक फर्लांग आणि रुंदी ६६ फूट धरली की होतो एक एकर. एका दिवसात एका जोतानं नांगरायचं काम, असा एकराचा जुना अर्थ सांगतात.

"सहासष्ट?" अण्णांनी दशमी खाली ठेवली. "सहासष्ट म्हणजे दोन साखळ्या."

आमची साखळी तेहतीस फुटांची. तिचे सोळा भाग, त्यांना आणे म्हणायचे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद चौकोन म्हणजे एक गुंठा. १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. हा पाढा अण्णांना झोपेत विचारला तरी येतो. त्यांनी डब्याच्या झाकणावर बोटानं आडवीउभी रेघ ओढली. लांबीत वीस साखळ्या, रुंदीत दोन. वीस दुणे चाळीस.

"चाळीस गुंठे," ते म्हणाले. "बरोबर बसतंय."

मग बराच वेळ ते गप्प होते. इंग्लंडात एडमंड गुंटर नावाच्या गणितज्ञानं १६२० च्या सुमाराला ६६ फुटांची शंभर कड्यांची साखळी रूढ केली. तिच्या निम्म्या लांबीची साखळी घेऊन मुंबई इलाख्यात मोजणी झाली. १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यापासून जी रयतवारी पाहणी सुरू केली, तिच्यातूनच आपला सर्व्हे नंबर आणि पुढचं सगळं दप्तर उभं राहिलं. अण्णांना हा इतिहास खात्याच्या परीक्षेपुरता पाठ होता. पण ज्या मापानं त्यांनी सबंध आयुष्य काढलं ते कुठल्यातरी बैलांच्या दमछाकीवरून आलंय, आणि ते बैल अशाच मातीत राबायचे, हे त्यांना त्या झाडाखाली बसल्यावर पहिल्यांदा जाणवलं असावं. आमच्या सातबाऱ्यावर आता हेक्टर-आर असतं, पण गावात अजून कुणी आरमध्ये बोलत नाही. साडेतीन गुंठे म्हटल्यावर पोटात जो गोळा येतो तो साडेतीन आर म्हटल्यावर येत नाही.

गावात एक छोटं माहिती-दालन आहे. तिथं १६३५ सालच्या नकाशाची प्रत लावलेली आहे. मूळ नकाशा ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात. मार्क पिअर्स नावाच्या मोजणीदारानं तो काढला. पट्टान् पट्टा दाखवलेला, कुणाचा कुठला ते लिहिलेलं, आणि कडेकडेनं चित्रं. कुणी नांगर धरलाय, कुणी कापणी करतंय, कुणी शिकारीला निघालंय. अण्णा चष्मा कपाळावर सरकवून काचेला नाक लावून उभे राहिले. शेजारी एक इंग्रज जोडपं होतं, ते दोन मिनिटांत बघून निघून गेलं. अण्णा वीस मिनिटं हलले नाहीत.

"याच्याबरोबर वही असणार," ते शेवटी म्हणाले. "नुसत्या नकाशाला काही अर्थ नाही. कुठला पट्टा किती आणि कुणाकडे याची वही पाहिजे."

वही आहेच. नकाशासोबत सगळ्या जमिनींची तपशीलवार नोंद केली गेली होती. मी तसं सांगितल्यावर अण्णांनी मान डोलावली. एका मोजणीदारानं चारशे वर्षांपूर्वीच्या दुसऱ्या मोजणीदाराला दिलेली ती पावती होती.

हा नकाशा ज्यानं करून घेतला त्याची गोष्ट मला घरी येऊन वाचताना सापडली, आणि मी ती अण्णांना झोपेतून उठवून सांगितली. गावाचा त्या वेळचा मालक होता सर विल्यम कोर्टीन. धर्मछळामुळे फ्लँडर्स सोडून लंडनला आलेल्या घराण्यातला बडा व्यापारी. बार्बाडोस बेटावरची पहिली इंग्रज वसाहत याच्याच पैशातून झाली. ज्या वर्षी त्यानं लॅक्स्टनची मोजणी करवली त्याच १६३५ साली त्याच्या मंडळीनं राजा पहिल्या चार्ल्सकडून पूर्वेकडे व्यापार करायची सनद मिळवली, ईस्ट इंडिया कंपनीच्या नाकावर टिच्चून. सनदेत गोव्याचं नाव होतं. पुढच्या वर्षी जहाजं निघाली आणि ती गोव्याला पोहोचायच्या आतच कोर्टीन वारला. त्याच्या मागे राहिलेल्या मंडळीनं कारवारला वखार घातली. म्हणजे लॅक्स्टनच्या शेतकऱ्यांचे पट्टे मोजून घेणाऱ्या माणसाचा डोळा त्याच वेळी आपल्या किनाऱ्यावरच्या मिऱ्यांवर होता. अण्णा अंथरुणावर उठून बसले, ऐकलं आणि म्हणाले, "मालकाला गाव म्हणजे काय? वसूल." आणि पुन्हा आडवे झाले.

पुढे गाव पिअरपाँट घराण्याकडे गेलं. त्याच वंशात नंतर अर्ल मॅनव्हर्स हा किताब आला. अठराव्या शतकाच्या मध्यापासून इंग्लंडात जे वारं सुटलं त्यात मात्र लॅक्स्टन कसं वाचलं हा प्रश्न उरतोच. १७५० ते १८५० या शंभर वर्षांत ब्रिटिश संसदेनं सुमारे चार हजार कायदे करून गावोगावची खुली रानं आणि गायरानं बंदिस्त केली. विखुरलेले पट्टे गोळा करून ज्याचा त्याला सलग तुकडा, भोवती काटेरी झुडपांचं कुंपण. उत्पन्न वाढलं, हे खरं. पण ज्याच्याकडे नावावर जमीन नव्हती आणि फक्त गायरानात गाय सोडायचा, पालापाचोळा आणायचा, कापणीनंतर सरवा वेचायचा रिवाज होता, तो माणूस त्यातून बाद झाला. रिवाजाची नोंद कुठं असते? कॅलेंडरवर जे हिरव्या कुंपणांच्या चौकटींचं इंग्लंड आपण पाहतो आणि किती सुंदर म्हणतो, ते पुष्कळसं या कुंपणांचं इंग्लंड आहे. म्हणजे एका अर्थी बांधांचंच.

"म्हणजे तुकडेजोड," अण्णा म्हणाले.

हो, तुकडेजोडच. आपल्याकडे १९४७ च्या कायद्यानं तुकडेबंदी आणि तुकडेजोड आली. एकत्रीकरणाच्या योजनेनं सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. अण्णांची उमेदीची कित्येक वर्षं त्यातून उठलेल्या तक्रारी निस्तरण्यात गेली. कागदावर गट एक आणि वहिवाट दुसरीकडेच. आमच्या आजोबांच्या साडेतीन गुंठ्यांचं मूळही तिथंच कुठंतरी होतं, असं अण्णा कधीतरी बोलून गेले आहेत.

लॅक्स्टन वाचलं ते कुणाच्या शहाणपणामुळे वगैरे नाही. गावात दोन मोठे जमीनदार होते, अर्ल मॅनव्हर्स आणि अर्ल ऑफ स्कारबरो, आणि दोघांचं एकमत होईना. कुंपणबंदीला खर्चही भरमसाट. असं करता करता ते राहून गेलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मॅनव्हर्सनी लहान लहान पट्टे जोडून मोठे केले, पण रानं खुलीच ठेवली. १९५२ मध्ये त्यांनी गाव विकायला काढलं तेव्हा कृषी मंत्रालयानं ते घेतलं, ही शेती टिकावी म्हणून. १९८१ मध्ये ते राजमुकुटाच्या जमिनी सांभाळणाऱ्या क्राउन इस्टेटकडे गेलं, आणि २०२० मध्ये थोर्सबी इस्टेटकडे, म्हणजे फिरून मॅनव्हर्सच्याच वारसांकडे. भावाभावांचं एकमत होत नाही म्हणून जमीन पडून राहिल्याची उदाहरणं अण्णांकडे ढिगानं आहेत. दोघांचं पटलं नाही म्हणून गाव टिकलं, हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं. त्यावर ते चक्क हसले.

गाव बघायला तसं वेळ लागत नाही. लाल विटांची घरं, वर मातीची कौलं. घरांच्या अरुंद बाजू रस्त्याकडे आणि मागे लांबलचक वाडे, गोठे, कोठारं. इंग्लंडात इतरत्र शेतकऱ्याचं घर त्याच्या शेताच्या मधोमध एकटं असतं. इथं सगळे शेतकरी गावात, रस्त्याला लागून, आणि शेतं बाहेर. आपल्यासारखं. रस्त्यावर ट्रॅक्टरच्या चाकांची चिखलाची नक्षी. भटकी गुरं आणून घालायची जागाही आहे, पिनफोल्ड म्हणतात तिला. अण्णांनी तिला बघताक्षणी 'कोंडवाडा' म्हटलं आणि माझा मुलगा तेव्हापासून तोच शब्द वापरतो. त्याच्या शाळेत त्यानं तो एका बाईंना शिकवलाही, असं कळलं.

आणि मग पब. नाव डव्हकोट इन. डव्हकोट म्हणजे कबुतरखाना. अण्णांना दादर आठवलं. पण या कबुतरखान्यात वर्षातून एकदा न्यायसभा भरते हे सांगितल्यावर त्यांनी हातातला चहा खाली ठेवला.

तिला कोर्ट लीट म्हणतात. मध्ययुगात गावोगावी अशा सभा होत्या. १९७७ च्या एका कायद्यानं देशभरातल्या अशा जुन्या सभांचे न्यायनिवाड्याचे अधिकार संपवले, लॅक्स्टनच्या सभेचं काम मात्र चालू राहिलं, कारण तिला खरंच काम आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस गावातले पंच, ज्यांना ज्युरी म्हणतात, नव्यानं गहू पेरलेल्या रानात जातात. बांध नाहीत, त्यामुळे प्रत्येकजण नांगरताना आपल्या रेघेत राहिलाय की नाही ते बघायचं. कुणी सामाईक रस्त्यात नांगर घातलाय का, कुणी साइकचं गवत पलटलंय का. हद्दीवर लाकडी खुंट ठोकायचे. ज्यानं आगळीक केली त्याचं नाव लिहून घ्यायचं. मग आठवड्याभरानं पबमध्ये सभा, तिथं दंड, आणि पुढच्या वर्षाच्या पंचांचा शपथविधी.

"दंड किती?"

"फार नाही. थोडे पौंड."

"आणि भरतात?"

"भरतात."

"वकील?"

"नाही हो, अण्णा."

त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. मग म्हणाले, "पुढची तारीख कधीची?"

त्यांना खरं तर नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच परत जायचं होतं. तिकीट बदलून घेतलं.

तोवर मला या गावाचं फार कौतुक वाटू लागलं होतं, आणि मी ते जेवताना-खाताना बोलून दाखवत होते. कोर्ट नाही, कचेरी नाही, एकोणीस वर्षं नाहीत. सगळ्यांनी मिळून वर्षातून एक दिवस रान बघायचं की झालं. अण्णा काही दिवस ऐकत राहिले. मग एका रात्री, भाकरी मोडता मोडता, त्यांनी मला थांबवलं.

"मालक किती आहेत तिथं?"

"एकच. इस्टेट."

"आणि कसणारे?"

"कुळं म्हणायची. भाड्यानं."

"मग भांडतील कशावरून? वीतभर कोरलं तरी ती वीत त्यांची होत नाही. कूळ मेल्यावर चार पोरांत पट्टा फाटत नाही. आपल्याकडे वीत कोरली की ती पोरांच्या नावावर जाते." थोडं थांबून म्हणाले, "बांध माणसं वाईट म्हणून नसतो. जमीन नावावर असती म्हणून असतो. आणि नावावर यावी म्हणून तर तुझ्या पणज्यानं सावकाराचं वीस वर्षं फेडलं."

मी काही बोलले नाही. कुळकायदा, सावकार, पणजोबांचं ते कर्ज, हे सगळं आमच्याच घरातलं होतं आणि मी ते विसरून एका परक्या गावाला हार घालत होते. तरीही, आणि हे मी त्यांना तेव्हा म्हटलं नाही पण इथं लिहिते, मला त्यांचं म्हणणं पुरं पटलं नव्हतं. लॅक्स्टनच्या माणसांनाही वीतभर ज्यादा गहू नको असतो असं नाही. नको असता तर शेकडो वर्षं दंड करत बसायची गरज पडली नसती. हाव तीच आहे. फक्त दरवर्षी, ती लहान असतानाच, शेजारी येऊन तिच्याकडे बघून जातात. आमच्या बांधाकडे एकोणीस वर्षांत कोर्टाचा माणूस दोनदा येऊन गेला होता.

नोव्हेंबरच्या त्या गुरुवारी सकाळी धुकं होतं. अण्णांना मी दोन स्वेटर, माझ्या नवऱ्याचं जाकीट आणि माकडटोपी घातली होती. त्या अवतारात ते साउथ फील्डच्या कडेला, सार्वजनिक वाटेवर उभे. त्या वर्षी गव्हाची पाळी या रानाची होती. पेरा उगवून वर आलेला, बोटभर हिरवी लव. दूरवर माणसांचा एक घोळका आणि मागे ट्रॅक्टर. आवाज नीट ऐकू येत नव्हते, मधूनच हसणं ऐकू यायचं. कुणीतरी हातोडा उचललेला दिसायचा आणि तो खुंटावर बसल्यावर एक क्षणानं ठक्क असा आवाज आमच्यापर्यंत यायचा.

"हसतायत," अण्णा म्हणाले. मोजणीच्या वेळी कुणी हसतं हे त्यांच्या अनुभवात बसत नव्हतं.

तासाभरानं घोळका सरकत सरकत आमच्या बाजूच्या टोकाला आला. पट्ट्याचा शेवट वाटेपासून पाच-सात पावलांवर होता. साठीतला एक गृहस्थ, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, एक डोळा मिटून पलीकडच्या टोकाच्या खुंटाकडे रोखून पाहत होता. अण्णांनी नकळत तसाच डोळा मिटला. बावटे लावून रेघ धरायची हीच पद्धत, जगात कुठंही. त्या माणसानं हातानं इशारा केला, दुसऱ्यानं खुंट टेकवला, तिसऱ्यानं हातोडा घातला. दोन घावांत खुंट चिकणमातीत गेला.

अण्णा माझ्या कानाशी पुटपुटले, "डावीकडं गेला. वीतभर."

मला तर काही दिसलं नाही. घोळकाही पुढे निघाला होता. पण तो रबरी बुटांचा माणूस चार पावलं जाऊन थांबला, मागे वळला, परत डोळा मिटून पाहिलं. मग खांदे उडवून काहीतरी म्हणाला, दोघे परत आले, खुंट हलवून हलवून उपटला. भोकात पाणी भरत होतं. तो त्यांनी उजवीकडे घेतला आणि पुन्हा ठोकला. वर बघताना त्या माणसाची नजर अण्णांच्या माकडटोपीवर पडली. त्यानं हात वर केला.

अण्णांनीही हात वर केला, मोजणीत बावटा धरणाऱ्याला 'ठीक' म्हणून करायचे तसा, तळवा पुढे धरून.

"आता बसला," ते म्हणाले. "चल, चहा पिऊ."